को-को मावशींच्या चिठ्ठ्या

ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये कुणी कुणाच्या दारात उभं राहून हाका मारत नाही. इथे माणसं आधी टेक्स्ट करतात, मग गाडी ड्राइव्हवेत लावून परत टेक्स्ट करतात की आलोय. त्यामुळे चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी माझ्या दाराबाहेर कुणीतरी खणखणीत आवाजात "को-को! को-को!" असं ओरडलं, तेव्हा मला वाटलं कुणाची तरी कोंबडी सुटली. मग आठवलं की आमचं एचओए, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची कमिटी, कोंबड्या पाळू देत नाही. एचओए दाराला मनाजोगता रंगसुद्धा लावू देत नाही.

दार उघडलं तर बाहेर, पायऱ्यांच्याही पलीकडे, गवताच्या कडेला एक बाई उभ्या. पंचाहत्तरीच्या. पांढरी सुती साडी, खाली जाड तळाचे स्नीकर्स, हातात डबा. मी म्हटलं, "अहो, बेल आहे की!"

"बेल वाजवली की माणूस दचकते," त्या म्हणाल्या. "को-को म्हटलं की घरातल्याला केस नीट करायला वेळ मिळते. त्सेना म्हण."

"काय म्हणू?"

"त्सेना. म्हणजे आत या. तू म्हटल्याशिवाय मी कशी येऊ?"

आता सकाळी नऊ वाजता, केस न विंचरलेल्या अवस्थेत, अनोळखी बाईला अनोळखी भाषेत आत बोलवायची माझ्यावर वेळ आली, आणि गंमत म्हणजे मी मुकाट्यानं "त्सेना" म्हटलं. मी मूळची पुण्याची. सहसा मुकाट्यानं काही करत नाही. पण त्या बाईंपुढे माझं कधी चाललंच नाही.

डब्यात झुणका होता. त्या मिलिंद मेश्रामच्या आई, दोन घरं सोडून नुकत्याच राहायला आलेल्या. भंडारा जिल्ह्यातल्या एका जंगलाकडेच्या गावच्या, गावातल्या पहिल्या बीएस्सी. नवरा गणिताचा शिक्षक, त्याला बोट्स्वानात नोकरी लागली म्हणून दोघं तिकडे गेली. दोन वर्षांसाठी गेलेली माणसं सव्वीस वर्षं राहिली. बाई तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी लागली की कालाहारीच्या कडेच्या खेड्यांत जाऊन औषधी झाडं गोळा करायच्या. को-को हा तिकडचा रिवाज. कुंपणाबाहेर उभं राहून को-को म्हणायचं, आणि आतून त्सेना आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा जुलैत मी आंघोळीला गेले होते, तर या बाई शंभर डिग्रीच्या उन्हात वीस मिनिटं गवतावर उभ्या! समोरच्या घरातला म्हातारा टेक्सन टोपी सावरत पाण्याची बाटली घेऊन आला. त्यालाही त्यांनी त्सेना शिकवलं. आठवड्याभरात अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव को-को मावशी पडलं. माझ्या फोनमध्येही तेच.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चिठ्ठ्या. माझ्या किचनमध्ये पहिल्यांदा आल्या, मसाल्याचा डबा उघडला, एका वाटीला नाक लावलं आणि पर्समधून कागदाची पट्टी आणि पेन्सिल काढली. डब्यावर मी लिहिलेलं होतं, "जिरे". त्यांनी ते खोडलं नाही. त्याच्या वर नवी पट्टी चिकटवली: "शहाजिरे. – सु. मे." आणि खाली तारीख.

"अहो, खोडून टाकायचं ना सरळ."

"कधीच नाही! जुनं लेबल फाडायचं नाही, खोडायचं नाही. ज्यानं चूक केली त्याची चूक राहू द्यायची. वर नवी चिठ्ठी, खाली सही आणि तारीख. उद्या मी चुकली असेल तर माझ्यावर तिसरा कोणी लावेल." वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, म्हणजे हर्बेरियममध्ये, असंच करतात म्हणे. ठीक आहे, तिथे करा. पण माझ्या किचनमध्ये? सहा महिन्यांत माझ्या डाळींवर, कुंड्यांवर, फ्रीझरमधल्या "कोथिंबीर"वर चिठ्ठ्या आल्या. आमच्या लग्नाच्या फोटोवर नवऱ्याच्या गळ्यातल्या हाराजवळ एक बारीक पट्टी होती: "निशिगंध नव्हे. प्लास्टिक. – सु. मे." नवरा अजून म्हणतो खराच होता.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला त्या यायच्या. नमस्कार करत नसत. "मी बुद्धाची," असं सरळ सांगायच्या, "पण मोदकाशी माझं भांडण नाही." आणि पाच मोदक खायच्या. एका वर्षी पूजेचं सगळं खरे काकांकडे होतं. खरे काका म्हणजे पाइपलाइनचे रिटायर्ड इंजिनिअर, गल्लीतलं सगळ्यात हिरवंगार लॉन त्यांचं, आणि त्याचा तोरा असा की मुलगा हार्वर्डला गेला असता तरी इतका झाला नसता. त्यांनी दूर्वा न्यू जर्सीहून ओव्हरनाइट मागवल्या होत्या. आल्या तेव्हा पिवळ्या पडलेल्या. को-को मावशींनी ताटातली एक काडी उचलली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेली आणि मला म्हणाल्या, "हे तर हरळी आहे."

"दूर्वा म्हणजे हरळीच ना मावशी."

"हो. आणि हरळीला इथे काय म्हणतात ठाऊक आहे?"

आरती संपून सगळे ताटाकडे वळले तर दूर्वांच्या जुडीवर चिठ्ठी: "दूर्वा = बर्म्युडा ग्रास. खरे यांच्या लॉनमध्ये भरपूर. – सु. मे."

आता हे समजायला खरे काकांचा शनिवार माहीत पाहिजे. दर शनिवारी काका पाठीवर पंप बांधून, तोंडाला मास्क लावून, लॉनमध्ये घुसलेल्या बर्म्युडा ग्रासवर विष फवारतात. गेली बावीस वर्षं. म्हणजे भाद्रपदात विमानानं मागवायची, गणपतीच्या डोक्यावर वाहायची आणि उरलेले एक्कावन्न आठवडे तिलाच विष पाजायचं! हॉलमध्ये जो हशा पिकला तो प्रसाद वाटेपर्यंत थांबेना. काकांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं आता हे मंडळ सोडणार. पण माणूस दिलदार. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला चार फूट हरळी राखून ठेवली आणि तिथे इंग्रजीत पाटी लावली की इथे फवारू नये. एचओएचं पत्र आलं ते वेगळंच.

याच खरे काकांना गुडघेदुखी होती. शुगर लँडमधल्या साठीपुढच्या प्रत्येक मराठी माणसाला ती असतेच, मलाही आहे. कुणीतरी काकांना सांगितलं की कालाहारीत एका झाडाचं मूळ मिळतं, सांधेदुखीवर रामबाण. काका मावशींच्या मागे लागले, डोस किती घेऊ. मावशी म्हणाल्या, "डोस डॉक्टरले विचारा. मी झाडाची डॉक्टर आहे, तुमची नाही." पण झाड मात्र दाखवलं, म्हणजे त्याचं वाळकं फळ. लाकडासारखं टणक आणि चहूबाजूंनी आकडे. तिकडे त्याला सेंगापारिले म्हणतात. खरे काकूंनी कौतुकानं हातात घेतलं आणि ते त्यांच्या पैठणीच्या पदराला असं धरून बसलं की तिघी बायका, एक कात्री आणि पाऊण तास लागला. "हे असंच गाव फिरते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "जनावराच्या पायाला अडकायचं आणि निघायचं. आज पैठणीत बसलं, नशीब काढलं त्यानं." काकू वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. मग को-को ऐकून त्यांनीच एकदा त्सेना म्हटलं आणि मिटलं.

आता मुख्य गोष्ट. मी रिटायर झाले त्याच महिन्यात मावशी गवतावर येऊन उभ्या. "तू रिकामी झाली ना? मंग ड्राइव्ह कर."

"कुठे?"

"झाडं पाहायला."

दीड तासावरच्या एका विद्यापीठात मोठं हर्बेरियम आहे. मला वाटलं बाग असेल, मी हॅट घेऊन गेले. तिथे लोखंडी कपाटं. कपाटांत फोल्डर, फोल्डरमध्ये जाड कागद, कागदावर चिकटवलेलं वाळकं झाड आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: झाडाचं नाव, गाव, तारीख, आणि कुणी गोळा केलं त्याचं नाव. बोट्स्वानात गोळा केलेल्या झाडांची एकेक जोडप्रत तेव्हा मावशींच्या कॉलेजानं इकडे पाठवली होती. सांभाळणारी बाई लिंडा, माझ्याच वयाची, गोड बोलणारी आणि नियमापासून इंचभर न ढळणारी. तिनं फोल्डर आणून ठेवले. चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं दाबून वाळवलेली झाडं या बाईंच्या पुढ्यात. मी फोन काढून फोटोला तयार. म्हटलं आता रडतील, हसतील, काहीतरी करतील.

त्यांनी एकेक कागद भिंगातून पाहिला. झाड नाही, लेबल. सगळे पाहून झाल्यावर म्हणाल्या, "त्रेसष्ट. सगळ्यांवर माझंच नाव आहे." आणि फोल्डर मिटला. येताना गाडीत मी दोनदा कॉफी विचारली, नाही म्हणाल्या. शेवटी हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आपणहून बोलायला लागल्या.

त्या बीएस्सीला असताना कॉलेजची सहल त्यांच्याच गावच्या जंगलात गेली होती. झाडं दाखवायला कोण? त्यांची आजी. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठली साल कधी काढायची, कुठलं मूळ कुणाला द्यायचं नाही, सगळं तोंडपाठ. दिवसभर आजी पुढे, प्राध्यापक आणि पोरं मागे. पुढे कॉलेजात ती झाडं वाळवून कागदांवर लागली, तर लेबलवर गोळा करणाऱ्याचं नाव प्राध्यापकांचं. आजीनं नातीला विचारलं, "माह्यं नाव टाकलं का त्यायनं?" नातीला खरं सांगवलं नाही. ती हो म्हणाली.

"आणि बोट्स्वानात मी काय केलं? तेच केलं बाप्पा. झाडं ओळखायची एक म्हातारी. फिरायची ती, सांगायची ती, खणायची ती. मी वही धरून मागे. आणि लेबलवर कोण? एस. मेश्राम. छापील अक्षरात पहिल्यांदा नाव पाहिलं होतं मी माझं. इतकी हरखली मी, की दुसरं नाव सुचलंच नाही. माझ्या आजीचं जे केलं त्यांनी, तेच मी दुसऱ्याच्या आजीचं केलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मले ते दुरुस्त करायचं आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट."

घाई दोन कारणांनी होती. मार्चपासून आफ्रिकेच्या कपाटांतल्या कागदांचे फोटो काढून ते इंटरनेटवर जाणार होते आणि मग कागद दूरच्या गोदामात. आणि दुसरं, मावशींच्या डोळ्यांतली मधली नजर चालली होती. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुधारणार नाही. तेव्हा ऑक्टोबर होता.

लिंडा म्हणाली, चिठ्ठी जरूर लावा, पण मला दोन गोष्टी हव्यात. एक, त्या काळातला लेखी पुरावा. दोन, त्या बाईंचं पूर्ण नाव.

पुरावा होता. मिलिंदच्या गॅरेजमधल्या ट्रंकेतून त्यांची रानातली वही निघाली. पेन्सिलीनं, मराठीत. त्यांना आता वाचता येईना, म्हणून रोज दुपारी माझ्या डायनिंग टेबलवर मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही, पण ती वही मी कादंबरीसारखी वाचली. त्यातली मावशी म्हणजे ती बोट्स्वानातली म्हातारी. "सेंगापारिले. मावशीने दाखवली. मधलं मूळ सोडते, बाजूची घेते. खड्डा बुजवल्याशिवाय उठत नाही. मी उठले तर रागावली." "मोनेपेनेपे. बहाव्याची सख्खी बहीण, तशीच पिवळी झुंबरं. मावशी साल पूर्वेकडची काढते. का विचारलं तर म्हणाली, माझी आई काढायची." "लेंगाना. वास हुबेहूब दवण्याचा. मला रडू आलं. मावशी म्हणाली सर्दी झाली तुला, याचाच काढा घे. घेतला."

पानापानावर मावशी. मावशीने दाखवली, मावशी म्हणाली, मावशी हसली. लिंडाला मी भाषांतर करून पाठवलं. तिनं विचारलं, "मावशी हे पहिलं नाव आहे की आडनाव?"

झालं! आता काय सांगू हिला? आपण मोठ्या बाईला नावानं हाक मारतो का? मारली तर लोक शेण घालतील तोंडात. आणि तिकडचा रिवाज तर आपल्यावर कडी. बाईला मूल झालं की ती त्या मुलाची आई. वहीतल्या मावशीची मुलगी लेसेखो, म्हणून ती म्मा-लेसेखो. सगळं गाव तिला तेच म्हणायचं. म्हणजे दोन देशांच्या आदरानं मिळून त्या बाईचं नाव पार गिळून टाकलं होतं. मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही एकदा तरी विचारलं असेल ना?"

"विचारलं होतं बहुतेक. पहिल्या दिवशी. पाह्य."

पहिल्या दिवसाचं पान सापडलं. त्या वेळी को-को मावशी नुकत्याच सेत्स्वाना, म्हणजे तिकडची भाषा, शिकल्या होत्या आणि त्याचा गर्व असा की जे ऐकलं ते मराठीत उतरवून टाकायचं. लिहिलं होतं: "नाव विचारलं. म्हणाली, 'कोणास ठाऊक!' आणि हसली. मीही हसले. सांगायचं नसेल. मावशी म्हणेन."

"चला," मी म्हटलं, "म्हातारी इरसाल होती."

"होतीच," त्या म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

डिसेंबर गेला. जानेवारीत मी इंटरनेटवर त्या गावच्या कोत्लाचा, म्हणजे त्यांच्या चावडीचा, फोन नंबर शोधून काढला. तिथला कारकून पोरगा म्हणाला, म्मा-लेसेखो तर केव्हाच गेल्या, पण लेसेखो इथेच राहते, उद्या करा. दुसऱ्या दिवशी आमचे सकाळचे सात, त्यांचे दुपारचे तीन. फोन स्पीकरवर, माझ्या ओट्यावर. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. फोनला!

लेसेखोला त्या आठवत होत्या. "साडीवाली टीचर!" ती ओरडली आणि दोघी दहा मिनिटं इंग्रजी आणि सेत्स्वाना एकत्र कालवून काय बोलल्या देव जाणे. मग मावशींनी गळा साफ केला आणि विचारलं, तुझ्या आईचं स्वतःचं नाव काय?

"खोइत्सेमंग," लेसेखो म्हणाली.

मावशींनी डोळे मिटले. फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाल्या, "म्हणते, कोणास ठाऊक. पोटच्या पोरीलेच ठाऊक नाही, नीला." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. चार महिने धावपळ केली आणि शेवटी हे?

पण त्या हटणाऱ्या नव्हत्या. परत विचारलं, मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून. आईचं नाव. कागदावर असेल. आठवून पाहा.

"खोइत्सेमंग!" लेसेखो हसायला लागली. "खोइत्सेमंग, म्मा! थांबा, कार्डच आणते." पावलं गेली, कपाट उघडल्याचा आवाज, पावलं आली. तिनं आईचं जुनं ओळखपत्र शोधून आणलं आणि एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवलं. जी, ओ, आय, टी, एस, ई... तिकडे जी लिहून ख म्हणतात. मी भाजीच्या यादीच्या मागे लिहीत होते. नऊ-दहा अक्षरं झाली आणि मावशींनी माझा हात धरला.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. "नाव आहे ते. नीला, ते नाव आहे तिचं! कोणास ठाऊक हेच नाव आहे!"

लेसेखोनं सगळं सांगितलं. आईच्या आधीची दोन भावंडं गेली होती. ही तरी जगेल का, कोणास ठाऊक, म्हणून हे नाव ठेवलं. आपल्याकडे नाही का दगडू, धोंडू ठेवत, नजर लागू नये म्हणून, तसंच. फोन ठेवला आणि मावशी हसायला लागल्या. ओट्याला धरून, खोकला येईपर्यंत हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. "तिनं सांगितलं होतं गं मले. पहिल्याच दिवशी, सरळ सांगितलं होतं. मी आपली शहाणी, भाषांतर करत बसली!" मी चहा टाकला. दुसरं काय करणार? माझेही डोळे वाहत होते आणि पुण्याच्या माणसानं असं सकाळी सातला रडणं बरं दिसत नाही.

लिंडाला ओळखपत्राचा फोटो आणि वहीचं पान, दोन्ही दिलं. तिनं माझं भाषांतर तीनदा वाचलं. नियमवाली बाई, पण खुर्चीत मागे रेलून खळखळून हसली आणि म्हणाली, यापेक्षा चांगला पुरावा माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. मग तिनं फॉर्म पुढे केला. मी भरत होते. चिठ्ठी लावणाऱ्याचं पूर्ण नाव. मी लिहिलं, एस. मेश्राम. लिंडा म्हणाली, पूर्ण.

आणि माझी लेखणी अडली. चार वर्षं रोजची ये-जा. फोनमध्ये को-को मावशी, तोंडात मावशी, चिठ्ठीवर सु. मे. मी चाचरत म्हटलं, "सुलोचना... ना?"

त्यांनी कडेच्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "सुजाता! चार वर्षं माझ्या हातचा झुणका खाऊन राहिली तू!" असं म्हणून माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुजाता मेश्राम. इथे नीट लिहून ठेवते.

चिठ्ठ्या छापून आणते म्हटलं तर ऐकेनात. हातानंच लिहिणार. दर बुधवारी सात-आठच व्हायच्या, कारण अक्षर त्यांना दिसत नसे. मी कागदावर जाड काळी रेघ ओढून द्यायची, त्या रेघेवर बोट ठेवून लिहायच्या. "गोळा करणार: खोइत्सेमंग, म्मा-लेसेखो. सोबत: सुजाता मेश्राम." म्मा-लेसेखो राहू द्या, असं लेसेखोनंच बजावलं होतं, नाहीतर गावात कुणाला कळायचं नाही कोण ते. जुन्या लेबलला हात लावला नाही. त्याच्या वर, डिंक लावून, चारी कोपरे अंगठ्यानं दाबून नवी चिठ्ठी. एखादी ओळ तिरकी गेली तर मला विचारायच्या, वाचता येते ना? येतं म्हटलं की पुढची. फेब्रुवारीच्या शेवटी मिलिंदला पार उत्तरेकडच्या ईडन प्रेरीची नोकरी पक्की झाली आणि मावशीही त्याच्याबरोबर जाणार ठरलं, तेव्हा चौदा उरल्या होत्या. त्या चौदांसाठी आम्ही एका आठवड्यात तीनदा गेलो आणि गुडघ्यामुळे मी क्रूझ कंट्रोलवर गाडी चालवली.

शेवटच्या दिवशी त्रेसष्टावी चिठ्ठी लागली. निघायला हवं होतं. साडेतीननंतर ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये सापडलं की संपलंच. मी गाडी दाराशी आणायला गेले, पाच मिनिटं हॉर्न न वाजवता थांबले, मग चिडून परत वर आले. आता चांगलं झापते म्हणून दारापाशी पोचले आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं.

लांब टेबलावर त्रेसष्ट कागद ओळीनं मांडलेले. मावशींच्या हातात माझ्याच फोनसारखा मोठा फोन, व्हिडिओ कॉलवर लेसेखो, तिकडे रात्र झालेली. मावशी फोन एका कागदावर धरायच्या, लेसेखो चिठ्ठी वाचायची, "खोइत्सेमंग," मग एक पाऊल सरकून पुढचा कागद. त्यांना स्वतःला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. फोन थोडा तिरका जायचा, लेसेखो म्हणायची डावीकडे, डावीकडे, त्या सरकवायच्या, आणि परत काचेपलीकडून आवाज यायचा, "खोइत्सेमंग." लिंडा कपाटाला टेकून उभी होती. कितवा कागद चालला होता ते मला कळलं नाही, पण टेबल अजून बरंच उरलं होतं. मी दार ढकललं नाही. ट्रॅफिक गेलं खड्ड्यात म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.